कडजाईच्या दारातली विळी

कुसरवेळच्या कडजाईच्या देवळात पहिल्यांदा येणारा पाहुणा दारातच एकदा थबकतो. देवीपुढे सिंह असेल, निदान कासव तरी असेल, अशा समजुतीनं तो खाली बघत येतो आणि समोर त्याला दिसते विळी. स्वयंपाकघरातली, भाजी चिरायची, तीच विळी. फक्त अंगानं थोराड. पातं हातभर उंच, टोकाला खोबरं खवायची चकती, आणि खाली लाकडाच्या जागी चांगला ऐसपैस दगडी पाट. बसून बसून त्या पाटाला मधोमध खळगा पडला आहे. एरवी पातं आडवं मिटवून त्यावर फडकं बांधलेलं असतं, कारण विळी उभी ठेवू नये हा नियम देवीच्या दारातही पाळावा लागतो.

खंडेनवमीला बाकीच्या गावांत तलवारी पुजतात, कोयते-कुऱ्हाडी पुजतात. आमच्या गावात आधी या विळीला हळदकुंकू वाहतात, मग बाकीच्या हत्यारांकडे बघतात. पाहुणे विचारतात, असं का? मग पारावरचं कुणीतरी जुनं माणूस घसा खाकरून सांगायला बसतं. सांगणारा बदलला की गोष्टीतला भोपळा लहानमोठा होतो, बाकी गोष्ट तीच असते.

असं सांगतात की तो समोरचा धनेगड तेव्हा नांदता होता. वर किल्लेदार होता, शिबंदी होती, आणि पाण्याचं एक मोठं टाकं होतं. एका पावसाळ्यात त्या टाक्याची भिंत ढासळली. किल्लेदारानं हुकूम सोडला की खालच्या गावांनी वेठीला माणसं पाठवावीत. खालची गावं हुशार होती. त्यांनी थोडी माणसं दिली आणि बरीचशी कणगीत, माळ्यावर, जमलं तिथं दडवली. कुसरवेळच्या लोकांना मात्र ते साधलं नाही, आणि त्याला कारण गावातल्या बाप्यांची एक खोड. गावात कुठंही काही वाजलं, की काय झालं ते बघायला सगळे एकदम पारावर येत. गडावरचा सुभानजी नाईक नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पारावर येऊन उभा राहिला आणि त्यानं शिंग फुंकलं. घरात शिरायची, दारं ठोठावायची पाळीच आली नाही. पोटऱ्या चिखलात बुडालेले, हातात भाकरीचा तुकडा असलेले, असे एकूणएक बाप्ये आपल्या पायांनी गोळा झाले. नाईकानं त्यांना फक्त पुढं चालायला सांगितलं.

त्यांत गोजराचा नवरा भिवबा होता. गोजराचं लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. भिवबा जाताना सांगून गेला की गणपतीला येतो. गणपती आले आणि गेले. पितर जेवून गेले, तरी गडावरून कुणी उतरलं नाही. खाली आली ती एक बातमी, तीही गुराख्यांच्या तोंडून फिरत फिरत: वर दगड घसरला आणि कुसरवेळच्या कुणाचा तरी पाय सापडला. कुणाचा, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून गावातली प्रत्येक बाई आपल्याच नवऱ्याच्या पायाची काळजी करू लागली. गोजरानं तर जेवण टाकलं.

तिच्या परसात गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढला होता. वेल आडदांड, पण फळ एकच धरलं होतं. गोजरा सरळ देवळात गेली आणि कडजाईपुढे हात जोडून बोलली, "आई, माझ्या वेलाचं पयलं फळ तुझं. नवमीला त्याचं घारगं करून तुला वाढीन. माझं माणूस धड पायांनी खाली आण."

नवस मोठ्यानं बोलायची तिची सवय होती आणि मागंच तिची सासू बायजा उभी होती. बायजा म्हणजे गावातल्या रीतीभातींचं चालतंबोलतं गाठोडं. तिनं कपाळाला हात लावला. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, आणि घरी आल्यावर मात्र थांबली नाही. खण बोलायचा होतास, म्हणाली. ओटी बोलायची होतीस. ज्याला कापावं लागत नाही असं जगात काय कमी आहे?

आता यातली अडचण पाहुण्यांना, विशेषतः शहरातल्या पाहुण्यांना, फोडून सांगावी लागते. तांबडा भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, अशी आमच्याकडची समजूत. बाईनं त्याच्यावर पहिली विळी धरायची नाही. बाप्या माणसानं आधी त्याला चिरावं, मग बायकांनी हव्या तेवढ्या फोडी कराव्यात, किसावा, उकडावा, काय वाटेल ते करावं. पण पहिला घाव बाईचा झाला, तर तो घरातल्या कर्त्या पुरुषाला लागतो म्हणे. एरवी यात अवघड काही नसतं. दीर असतो, सासरा असतो, रस्त्यानं जाणारा कुणी असतो. त्याला हाक मारायची, तो एक चीर पाडतो आणि उपकार केल्यासारखा निघून जातो. गोजरा नवस बोलली तेव्हा तिच्या मनात हेच होतं की नवमीपर्यंत भिवबा येईल आणि तोच भोपळा फोडील. तो यावा म्हणून नवस, आणि नवस फेडायला तो हवा, ही गाठ तिच्या ध्यानात आली तेव्हा शब्द तोंडातून निघून गेला होता.

भोपळ्याला यातलं काही कळत नव्हतं. तो वाढत राहिला. गोठ्याचं छप्पर वाकलं, खाली टेकू दिला, टेकूही वाकला. शेवटी चार बायकांनी झोळी करून त्याला खाली उतरवला. साल अशी कठीण, की बोटानं टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज यायचा.

खंडेनवमी उजाडली आणि गडावरून कुणीही आलं नाही. गोजरानं डोक्यावरून पाणी घेतलं, देवळापुढं चूल मांडली, कणीक चाळली, गूळ चिरून ठेवला, कढईत तेल ओतलं. गावातल्या सगळ्या बायका जमल्या. नैवेद्य सूर्य माथ्यावरून ढळायच्या आत दाखवायचा असतो. भोपळा मधोमध बसला होता आणि त्याच्याभोवती सगळं गाव हातावर हात ठेवून उभं होतं.

गावात बाप्या म्हणावा असा एकच उरला होता, तो म्हणजे बाजेला खिळलेला म्हातारा केरूबाबा. नाईकानं त्याला नेलं नव्हतं, कारण न्यायला माणसं लागली असती. बायकांनी त्याला बाजेसकट उचलून आणला, विळीपुढं बसवला, भोपळा त्याच्या हातांत दिला आणि कानाशी ओरडून सांगितलं की बाबा, दाबा. बाबांनी भोपळ्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. डोळे मिटले. बायका श्वास धरून थांबल्या. बऱ्याच वेळानं घोरणं ऐकू आलं तेव्हा उलगडा झाला. बाबांना पुन्हा बाजेवर घातलं. भोपळा सोडायला ते तयार नव्हते, तेवढी मात्र ओढाताण झाली.

मग लेकरांचे हात लावून पाहिले. ज्या लेकरांना बाप्या म्हणून मोजता येईल ती सगळी अजून दात पडायच्या वयाची. त्यांच्या जोरानं सालीवर ओरखडाही उठेना, आणि रीत अशी की घाव आत गरापर्यंत गेला पाहिजे. कुणी म्हणालं, बैलाच्या शिंगापुढं धरू. बायजानं तिच्याकडं असं पाहिलं की ती बाई पुढं दिवसभर काही सुचवायला आली नाही.

सूर्य वर चढत होता. गोजरा विळीकडे बघत बसली. आपणच बसावं आणि घालावी विळी, असं तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. बसायचं म्हणजे एका गुडघ्याचं काम. पण मग लगेच डोळ्यांपुढं गडावरचा दगड यायचा आणि त्याच्याखाली भिवबाचा पाय. घाव घातला तर नवऱ्यावर, नाही घातला तर नवस मोडला, तोही नवऱ्यावरच. तिला रडू आलं, पण नैवेद्याच्या चुलीपुढं रडू नये म्हणून तिनं तेही गिळलं.

अशा वेळी पांदीतून टापांचा आवाज आला आणि तट्टावर बसून सुभानजी नाईक देवळापुढं हजर झाला.

नाईक एकटाच होता. बायकांच्या गावात कसली भीती, म्हणून त्यानं बरोबर कुणाला आणलं नव्हतं. माणूस धिप्पाड, मिशा भरदार, आणि पोट असं की तट्टावर आधी पोट बसायचं आणि मग नाईक. किल्लेदाराला आणखी हात हवे होते. कुसरवेळला एकदोघं दडून राहिले असतील, असा गडावर कुणाला तरी संशय आला होता. नाईकानं मिशीला ताव दिला आणि आवाज चढवून विचारलं, "गावात कुनी बाप्या उरलाय का?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग बायजा पुढं झाली आणि म्हणाली, "नाईक, आमी सकाळधरनं त्योच हुडकतोय. बरं झालं तुमी आलासा. उतरा."

नाईकाला आजवर कुठल्याही गावात उतरा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. त्याला बघून लोक कडी लावून घेत. तो इतका गोंधळला की खरंच उतरला. उतरल्यावर बायजानं त्याला भोपळा दाखवला आणि काम सांगितलं. तेव्हा मात्र त्याला आपण कोण आहोत ते आठवलं. तो म्हणाला की मी गडाचा नाईक आहे, भाजी चिरणं हे बायकांचं काम, आणि मी काही इथं भोपळे फोडायला आलेलो नाही.

बायजानं वाद घातला नाही. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखी बोलू लागली. भोपळा किसायचा, म्हणाली. तुपावर जरासा परतायचा. त्यात गूळ घालायचा, तो विरघळून भोपळ्याला लगडेपर्यंत हलवायचा. वेलची असली तर वेलची. मग त्यात मावेल तेवढीच कणीक मळायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही. खसखस लावून थापायचे आणि मंद आचेवर तळायचे. वरनं खुसखुशीत, आतनं मऊ. गेल्या साली देवळाच्या पुजाऱ्यानं इतके खाल्ले की त्याला घरी न्यायला गाडी जुंपावी लागली.

गडावर तेव्हा काय शिजायचं ते नाईकालाच ठाऊक. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. दुसऱ्या दिवशी कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी. त्यानं गुळाच्या ढिगाकडं पाहिलं. कढईकडं पाहिलं. मग भोपळ्याकडं बघून, अंदाज घेतल्यासारखं म्हणाला की एका घावाचं तर काम आहे.

इकडं गोजरा मात्र नाईकाला ओळखून होती. हाच तो शिंग फुंकणारा. याच्याच मागं भिवबा अर्धी भाकरी हातात घेऊन चालत गेला होता. त्या भाकरीवर चटणी होती, हेही तिला आठवत होतं. ज्यानं घरं रिकामी केली त्याच्या हातचा घाव देवीच्या फळावर? कढईतलं झाऱ्याभर तेल त्याच्या मिशांवर ओतावं, असं तिला वाटलं. पण देवळाच्या कळसाची सावली पायाशी येऊन पोचत आली होती. देवीनं दुसरा कुणी धाडला नाही, हाच धाडला, तर त्यात तिचं काही तरी असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि विळी उचलून नाईकापुढं मांडली.

नाईकानं आधी तलवारीला हात घातला. बायजानं लगेच अडवलं. माणसाचं रक्त प्यालेलं पातं नैवेद्याला चालत नाही, म्हणाली. आता खरी गोष्ट अशी होती म्हणे, की त्या तलवारीनं जन्मात उसाशिवाय काही तोडलं नव्हतं. पण ते एवढ्या बायकांपुढं सांगायचं कसं? नाईकानं एक सुस्कारा टाकला, कित्येक लढायांची आठवण झाल्यासारखा चेहरा केला आणि तलवार काढून बाजूला ठेवली.

राहिली विळी. नाईक जन्मात विळीवर बसला नव्हता. तो आधी घोड्यावर बसावं तसा पात्याच्या दोन बाजूंना पाय टाकून बसायला गेला. चार बायका एकदम ओरडल्या. तसा बसला असता तर गोष्ट तिथंच वेगळ्या तऱ्हेनं संपली असती. मग बायजानं शिकवलं: एक पाय पाटावर, गुडघा वर, दुसरा पाय मुडपून बाजूला, आणि वजन पाटावर. पाय मुडपायचा तर पोट मधी येई. पोट आवरायचं तर पाय सुटे. गोजरा एका बाजूनं आणि तिची शेजारीण दुसऱ्या बाजूनं आधार द्यायला उभ्या राहिल्या. असा करत करत नाईक विळीवर बसता झाला.

त्यानं भोपळा पात्यावर टेकवला आणि दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. त्याचे कान तांबडे झाले. आता गोष्ट घारग्यांची राहिली नव्हती, इज्जतीची झाली होती. त्यानं जय कडजाई म्हणून सगळं अंग भोपळ्यावर टाकलं. कडाडकन आवाज झाला. भोपळ्याची दोन भकलं दोन बाजूंना उडाली, खालचा शिसवी पाट उभा चिरला, आणि नाईक बियांच्या राड्यात उताणा पडला.

बायका हसल्या. नागपंचमीपासून त्या गावात कुणी हसलं नव्हतं. तेवढं सगळं साठलेलं हसू एकदम बाहेर पडलं आणि पदरानंही आवरेना. केरूबाबा जागे झाले आणि पाऊस आला का म्हणून विचारू लागले. गोजरा तेवढी हसली नाही. तिनं भकलं उचललं आणि ती किसायला बसली. तिचे हात इतके चालले की किसणीचा आवाज एकसारखा येत राहिला.

सूर्य ढळायच्या आत नैवेद्य झाला. गोजरानं देवीपुढं पान ठेवलं, डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग बायजानं रीतीतली पुढची गोष्ट काढली. घरचा बाप्या नसताना जो येऊन थोरल्याची पहिली चीर पाडतो, तो त्या घराचा भाऊ होतो. हा भोपळा तर सगळ्या गावाच्या नावानं फुटला होता. तेव्हा नाईकाला पाटावर बसवून ओवाळलं पाहिजे. पाट फुटलेला, म्हणून देवळाच्या दारातल्या दगडावर त्याला बसवला. गोजरानं त्याला टिळा लावला. मिशीत अडकलेली भोपळ्याची बी बोटानं काढली आणि ओवाळलं. तिच्या मागं दुसरीनं, तिसरीनं, अशी रांग लागली. नाईक मान खाली घालून बसला होता. त्याला सख्खी, चुलत, कसलीच बहीण नव्हती. भाऊबीजेला गडावरची माणसं खाली उतरत तेव्हा हा दरवाजावर पहारा करी, असं सांगतात.

ओवाळून झाल्यावर गोजरानं पहिला घारगा त्याच्या हातात दिला. कढईतून नुकताच निघालेला, वाफाळणारा. नाईकानं तो घडी घालून सगळाच्या सगळा तोंडात टाकला. घारगा आतून निखारा होता. डोळ्यांत पाणी आलं. पण देवीच्या दारात प्रसाद थुंकायचा कसा? तो तोंड मिटून, नाक फेंदारून तसाच बसून राहिला. नेमक्या त्या क्षणी गोजरा, जी तो आल्यापासून त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती, ती बोलली.

"दादा, ओवाळणी घाला. आमची माणसं आमाला द्या."

नाईकाला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली. ती होकारार्थी होती की तोंड पोळल्यामुळं हलली, यावर गडावरच्या लोकांचं मत निराळं असेल. कुसरवेळमध्ये त्यावर दुमत नाही.

घास उतरल्यावर नाईकानं 'पण...' म्हणायला तोंड उघडलं. बायजानं त्यात दुसरा घारगा घातला. तो संपवून त्यानं पुन्हा 'पण' काढला. तिसरा तयारच होता. असे किती 'पण' आणि किती घारगे झाले ते कुणी मोजलं नाही. शेवटी नाईकानं दोन्ही हात वर केले, पाणी मागितलं, आणि ते पिऊन गोजराकडं वळला.

"बाई, माझा शब्द किल्लेदारापुढं काय चालायचा?" तो म्हणाला. "मी जाऊन सोडा म्हनालो, तर मलाच टाक्यात दगड वाहायला लावील."

"तुमी म्हनूच नगासा," गोजरा म्हणाली. "आधी खायला घाला. तोंड भरलं, की मग इचारा."

तिनं पाटी भरून घारगे दिले, वर केळीचं पान, त्यावर फडकं. नाईक ती पाटी पोटाशी धरून गड चढला. वाटेत त्यानं एकही खाल्ला नाही असं काही जण सांगतात. ते भाविक लोक आहेत.

किल्लेदार मोठा कडक माणूस होता, पण तोही गेले कित्येक दिवस कुळथाचं पिठलंच जेवत होता. वास आला तसा तो सदरेवरून उठून आला. त्यानं एक खाल्ला. दुसरा मोडलाच नाही, अख्खा तोंडात घातला. तेवढ्यात नाईकानं मुजरा करून अदबीनं विचारलं की कुसरवेळचं भात कापायला आलंय, ते वाळलं तर गडाला धान्य कुठून येणार, तर त्यांची माणसं खाली सोडू का? टाक्याची भिंत आता छातीभर आलीच आहे. राहिलेलं काम ज्या गावांनी माणसं दडवली त्यांच्याकडून करून घेता येईल. किल्लेदारानं तिसऱ्या घारग्याला हात घालता घालता मान हलवली. नाईक आणखी काही ऐकायला थांबला नाही. टाक्याच्या काठावर जाऊन त्यानं शिंग फुंकलं. सवयीप्रमाणं कुसरवेळचे सगळे बाप्ये, काय झालं ते बघायला, एकदम गोळा झाले.

सांज व्हायच्या आधी ते उतारावर दिसायला लागले. बायका पांदीच्या तोंडाशी उभ्या होत्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा लेक. जो तो आपापल्या माणसाला जाऊन मिळाला. गोजरा बघत राहिली. भिवबा दिसेना. उतार रिकामा होत आला तरी दिसेना. तिनं सासूचा हात धरला, आणि बायजानं, जिनं सकाळपासून देवळाचं आणि गावाचं सगळं निस्तरलं होतं तिनं, डोळे मिटून घेतले.

सगळ्यांच्या मागून नाईकाचं तट्टू येत होतं. तट्टावर भिवबा बसला होता, एका पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, आणि नाईक लगाम धरून पायी चालत होता. दगडाखाली सापडलेला पाय त्याचाच होता. अंगठा ठेचला होता, नख गेलं होतं, बाकी पाय धड होता.

गोजराला बोलायचं खूप होतं. नागपंचमीपासूनचं सगळं साठलं होतं. पण आधी तिनं ओटीत बांधून ठेवलेला घारगा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला. भिवबानं तो चावला. चव ओळखली. परसातला वेल, गोठ्याचं छप्पर, सगळं त्याला आठवलं असावं, कारण त्याचे डोळे भरून आले. घास कसाबसा उतरवून त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"भोपळा फोडला कुनी?"

गोजरानं लगाम धरून उभ्या असलेल्या नाईकाकडं पाहिलं. तो लाजून दुसरीकडं बघत होता.

"माझ्या भावानं," ती म्हणाली.

पुढं नाईक दर नवमीला यायचा. येताना बहिणींना खण आणायचा आणि भोपळा फोडायचा. त्याच्या वजनाखाली आणखी दोन पाट चिरले, तेव्हा गावानं पाथरवटाकडून विळीला दगडी पाट करून घेतला. तो गेल्यावर रीत मोडायची नाही म्हणून असं ठरलं, की नवमीचा पहिला घाव घालायला असा माणूस बोलवायचा, ज्याचा हुकूम गावावर चालतो.

आजही खंडेनवमीला विळीवरचं फडकं सोडतात आणि तालुक्याला जो नवा साहेब आला असेल त्याला मानानं आणून त्या दगडी पाटावर बसवतात. कुणी पाण्याच्या खात्याचा असतो, कुणी जंगलाचा, कुणी रस्त्याचा. साहेब आधी हसतो, मग पँट सावरतो, मग एक गुडघा वर घेऊन कसाबसा बसतो. भोपळा फुटतो, बायका ओवाळतात, आणि पहिला घारगा गरम गरम त्याच्या तोंडात जातो. तेव्हाच एक बाई पुढं होऊन ओवाळणी मागते. मागायचं ते एकच, आणि ते गावाच्या हक्काचं असून त्याच्याकडं अडकलेलं असलं पाहिजे. गोजरानं दुसऱ्या कुणाचं काही मागितलं नव्हतं. शाळेचं छप्पर असंच आलं. नळ असाच आला. काही साहेब नवमीच्या आसपास रजेवर जातात. एकानं गोड चालत नाही म्हणून डॉक्टरची चिठ्ठी आणली होती, त्याच्यासाठी बायकांनी तिखटमिठाचे घारगे तळले. मागणी मोठी असेल त्या वर्षी घारगाही मोठा थापतात. साहेबाचं तोंड पोळतं, डोळ्यांत पाणी येतं, तो हातानं पाण्याचा तांब्या मागतो. तांब्या भरून शेजारीच ठेवलेला असतो, पण मान हलल्याशिवाय कुणी तो पुढं करत नाही.